मदत हवी आहे: बायथलॉनच्या पॉइंट्सची बेरीज जुळत नाहीये

हिमरेषा: कालपासून डोकं धरून बसलोय. बायथलॉनच्या (स्कीइंग आणि नेमबाजी) सगळ्या रेसचे रिझल्ट एक्सेलमध्ये टाकले, नंबराप्रमाणे पॉइंट दिले, नॉर्वेच्या योहान्स बोची बेरीज बरोबर येते पण फ्रान्सच्या मार्टिन फुरकादची काही केल्या येत नाही, जास्तच भरतात. फॉर्म्युला परत परत तपासलाय. आज रात्री ग्रुपवर क्विझ टाकायचीय, कुणाला माहीत असेल तर पटकन सांगा प्लीज.

सह्यकडा: कुठला सीझन? आणि एकूण वर्ल्ड कप (सीझनभरातल्या सगळ्या प्रकारच्या रेसचे पॉइंट) की फक्त स्प्रिंट या छोट्या रेसचा? फुरकादने 2011-12 पासून सलग सात वेळा एकूण वर्ल्ड कप मारलाय, नुसतं नाव सांगून काय कळणार.

हिमरेषा: अहो बो आणि फुरकाद म्हटल्यावर तो 2 पॉइंटवालाच ना! 2019-20, एकूण, 913 आणि 911.

दुहेरी_नेम: पॉइंट चुकीचे धरले असतील. पहिल्याला 90, दुसऱ्याला 75, तिसऱ्याला 60. असं करून बघ.

सह्यकडा: ते 2022-23 पासून. त्याआधी 60, 54, 48, 43, 40 असं होतं, चाळिसाव्याला 1. उगाच त्याचं शीट बिघडवू नका.

दुहेरी_नेम: बरं, मग आंटहोल्झच्या रेस काढा, तिथे त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप होती. वर्ल्ड चॅम्पियनशिप वर्ल्ड कपमध्ये धरत नाहीत. आणि रिले घेतली असेल तर तीपण काढा.

हिमरेषा: रिले घेतलेलीच नाहीये. आंटहोल्झ काढलं तर बोचंपण बिघडतंय.

सह्यकडा: बिघडणारच, तेव्हा वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या वैयक्तिक रेस धरत होते.

कोल्हापुरी_निशाणा: मुळात ह्या खेळाचा जीव नेमबाजीत आहे हे कुणी बोलतच नाही. 50 मीटर आणि .22 ची गोळी, म्हणजे आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ घेतलं त्याच अंतरावर. त्याच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ 10.4 मिमी, यांचं झोपून मारायचं 45 आणि उभं राहून 115 मिमी, ऐकायला सोपं वाटतं पण हे लोक स्कीवर जीव तोडून येतात आणि छाती धडधडत असताना पाच गोळ्या मारतात, एक चुकली की 150 मीटरचा पेनल्टी लूप, म्हणजे शिक्षेची जादा फेरी! इंडिव्हिज्युअल नावाच्या रेसमध्ये तर वेळेत थेट एक मिनिट वाढतं.

हिमरेषा: माहिती छान आहे दादा पण माझी बेरीज??

बर्फवेडी: सगळ्यात खराब रिझल्ट वगळले का? तेव्हा एकूण गुणांत प्रत्येकाचे सगळ्यात कमी पॉइंटचे ठरावीक रिझल्ट धरत नसत. बो जानेवारीत बाळाच्या जन्मासाठी घरी थांबला, ओबरहोफ आणि रुपोल्डिंगच्या रेस खेळलाच नाही, त्यामुळे त्याची शून्यंच वगळली गेली, म्हणून तुझी साधी बेरीज त्याला जुळतेय. फुरकाद तिकडेही खेळत होता, त्याचे कमावलेले पॉइंट कापले गेले. त्याचे सगळे आकडे चढत्या क्रमाने लाव आणि सगळ्यात लहान आकड्यापासून काढत जा, 911 वर येशील.

हिमरेषा: आलं!! 911!! थँक्यू ताई, एवढं साधं कुणी सांगितलं नव्हतं.

दुहेरी_नेम: हा नियमच अन्यायाचा होता. जो प्रत्येक रेसला हजर राहिला त्याचेच पॉइंट कापायचे? कोंटिओलाहतीला सीझनची शेवटची रेस, परस्यूट (पाठलागाची रेस), फुरकादने जिंकली, बो चौथा आला, तरी ट्रॉफी बोकडेच.

बर्फवेडी: पण नियम सीझन सुरू व्हायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होता. डिसेंबर ते मार्च भर थंडीत फिरायचं, ताप येतो, घरी बाळ येतं, त्यासाठी थोडी सवलत नको? आणि चार रेस सोडूनही पहिला येणं काय सोपं आहे?

दुहेरी_नेम: सोपं नाहीच, बो भारी आहेच. पण फुरकादची ती करिअरची शेवटची रेस होती, त्यानंतरचा ओस्लोचा शेवटचा टप्पा कोरोनामुळे रद्द झाला, म्हणजे त्याला आणखी एक संधीपण मिळाली नाही. मला आजही ते खटकतं.

कोल्हापुरी_निशाणा: रायफल कमीत कमी साडेतीन किलोची लागते, ती पूर्ण रेस पाठीवर असते, हेपण क्विझमध्ये घाला.

सह्यकडा: घाला, पण 60-54-48 चा प्रश्न आधी. अर्धे लोक 90 लिहितील.