सीमाभागातल्या जास्त शिकलेल्या मुलींनी लग्न कुणाशी करायचं?

वडगावची: मी एमडीएस (दातांची डॉक्टर), वय ३१, बेळगावातच दवाखाना. घरात मराठी, पेशंटशी निम्मं कन्नड. पुण्या-कोल्हापूरची स्थळं विचारतात, बेळगाव म्हणजे कर्नाटक ना, मराठी नीट येतं का? (बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून आजोबा १९५६ पासून मोर्चे काढून थकले!) इथलं एक स्थळ आलं, उद्यमबागेत वर्कशॉप, कमाई माझ्याहून जास्त, पण आयटीआय, तर त्यांनीच कळवलं की मुलगी फार शिकलीय. आणि सोबत शिकलेला एक गोकाकचा आहे, कन्नड, लिंगायत. मला तोच बरा वाटतो. बोला आता.

येळ्ळूरकर: ताई राग मानू नका, पण शिकलेल्या मुलीच कन्नड घरात गेल्या तर मराठी शाळांत पोरं यायची कुठून? १ नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, काळा दिवस पाळायचा आणि जावई कन्नड आणायचा, कसं जमायचं ते?

टिळकवाडी०७: तुमची पोरं कुठल्या मीडियमला आहेत ते सांगा आधी. माझ्या चुलतभावानं धारवाडची कन्नड मुलगी केली तेव्हा सगळे कौतुकानं म्हणाले, सून मराठी शिकली हो! मुलीनं तेच केलं की भाषा बुडाली.

येळ्ळूरकर: थोरला इंग्लिशला. ते वेगळं ओ.

निपाणीकर: भाषा राहू दे, कागद बघ. महाराष्ट्रात गेलीस तर आपलं कर्नाटकातलं ३बी (मागासवर्ग आरक्षणाचं) सर्टिफिकेट तिथं चालत नाही, सरकारी नोकरी डोक्यात असेल तर आताच विचार कर. गोकाकवाल्याशी केलंस तर ३० दिवसांची नोटीस, सगळ्या पाव्हण्यांना कळणार.

टिळकवाडी०७: ती नोटीस १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टला. लिंगायत १९५५ च्या हिंदू मॅरेज ॲक्टमध्येच येतात, विधी करून नोंदणी करता येते, जात वेगळी असली तरी.

खानापूरची: मी पीएचडी, कन्नड सासर, ८ वर्षं झाली. नवरा सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू. पण सणवार, चेष्टामस्करी, भांडणंसुद्धा कन्नडमधून, आणि माझी आई आली की कोपऱ्यात नुसती हसत बसून राहते. मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. प्रेमबिम ठीक आहे गं, हे आधी बोलून घे.

वडगावची: आईचं वाचून पोटात गोळाच आला. त्याला मराठी कळतं, पण अजून 'तो गाडी' म्हणतो. रविवारी कोल्हापूरचं स्थळ येतंय, पोहे आईच करणार, मला १२ पर्यंत पेशंट आहेत.