मदत हवी आहे: मुलाची तर्कशक्ती कशी वाढवायची?

अनामिका२
मुलाच्या तर्कशक्तीसाठी काय करावं? वर्कबुकं झाली, कोड्यांची ॲप्स झाली, फरक शून्य. बाईंचं पालुपद एकच, 'विचार करत नाही'. पालकसभा तोंडावर आली आहे, नेमके उपाय सांगा. 'वेळ द्या, होईल' हे ऐकून कान किटलेत.

तिरकस
वय? इयत्ता? विचार करत नाही म्हणजे नेमकं काय करत नाही?

पटावरचा_उंट
डोळे झाकून बुद्धिबळाला घाला. माझी मुलगी पाचव्या वर्षापासून खेळते, आता चार खेळी पुढचं बघते.

तिरकस
@उंट, पटावर बघते हो. इंग्लंडमध्ये १०० शाळांत हे तपासलं होतं, अहवाल २०१६ चा. शाळेच्या वेळात बुद्धिबळ शिकवलं आणि वर्षभराने गणिताची परीक्षा घेतली. न शिकलेल्यांपेक्षा काडीचा फरक नाही.

पटावरचा_उंट
अहवाल काही म्हणू देत. पोर तासभर एका जागी बसतं, हे काय कमी आहे?

शाईदौत
त्याचं अक्षर कसं आहे? रोज एक पान शुद्धलेखन करून घ्या. मन स्थिर होतं, बाकी सगळं आपोआप सुधारतं.

अनामिका२
अक्षर छान आहे हो!! सात वर्षांचा आहे, दुसरीत. बेरीज-वजाबाकी पटापट करतो, शाब्दिक उदाहरण आलं की संपलं. कालचंच बघा: 'रांगेत मीनाच्या पुढे ४ मुलं आणि मागे ३ मुलं आहेत, तर रांगेत एकूण किती मुलं?' हा म्हणाला ७.

फळा_खडू
हे आधी सांगायचं ना! तो उदाहरण वाचतच नाहीये. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. ही युक्ती बहुतेकदा मोठ्यांनीच शिकवलेली असते.

१९७९ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ जणांनी त्याच आकड्यांवरून वय काढून दिलं. तेव्हा तुमचा एकटाच नाही.

रांग बटणांनी मांडायला सांगा, मीना वेगळ्या रंगाची. मीनाला ठेवायचं विसरला तर उत्तर सांगू नका, 'मीना कुठाय?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग उलटं उदाहरण द्या: माझ्याकडे आणि ताईकडे मिळून एकूण ९ गोट्या, ताईकडे ५, तर माझ्याकडे किती? इथे 'एकूण' आहे, पण बेरीज केली की फसला.

तिरकस
आणि परीक्षेत बटणं कुठून आणायची?

फळा_खडू
परीक्षेत कागद असतो. गोल काढेल.

कोडवाली
स्क्रॅच ज्युनिअर लावून द्या, सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची मांजर चालवायचं कोडिंगचं ॲप. ५ ते ७ वयासाठीच बनवलंय. मांजर भलतीकडे गेली की कुठला ठोकळा चुकला ते मूल स्वतः शोधतं.

तिरकस
ॲप्स झाली असं त्या पहिल्याच पोस्टमध्ये म्हणाल्यात.

कोडवाली
कोड्यांची झाली. हे कोड्यांचं नाही. वाचा जरा.

फळा_खडू
तुमचं चालू द्या. @अनामिका२, काहीच सामान न लागणारा खेळ: मनात १ ते १०० मधली एक संख्या धरा, तो फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारेल. आधी '३७ का? ५२ का?' करत सुटेल. '५० पेक्षा मोठी आहे का?' हे त्याचं त्याला सुचेपर्यंत कळ काढा. दरवेळी निम्मे निम्मे कापत गेलं तर ७ प्रश्नांत संख्या सापडतेच.

अनामिका२
कप्तानाचं विचारलं. '३६' म्हणाला, वर 'बरोबर ना?' 🤦 पण बाईंना काय सांगू?

फळा_खडू
काही सांगू नका, त्यांच्याकडून चुकलेली चार-पाच उदाहरणं मागून घ्या. घरी तीच त्याला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून जमली तर अडचण वाचनात आहे. ऐकूनही आकड्यांवरच झडप घातली, तर बटणं.

पटावरचा_उंट
सुट्टीत तरी बुद्धिबळाचं बघा.