कॉलेजची फी कशी उभी केलीत? अनुभव सांगा

निंबोणी:
काल भाचीला कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) इंजिनिअरिंगची सीट लागली आणि घरात पेढ्यांआधी कॅल्क्युलेटर निघाला. मला एकदम १९९५ आठवलं. फ्री सीट थोडक्यात हुकली, पेमेंट सीट मिळाली. आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या त्या माझी नोकरी लागेपर्यंत. शेजारी बसणारी मैत्रीण फ्रीवाली. तोच बाक, तेच सर. तुमच्याकडे काय विकलं, काय गहाण पडलं?

खडूस_काका:
म्हैस. नाव चंद्री. तिच्याबद्दल अजून बोलवत नाही.

वकिलीण:
सुप्रीम कोर्टाचा उन्नीकृष्णन निकाल, १९९३. खाजगी कॉलेजात निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट. फ्री म्हणजे फुकट नव्हे, सरकारी दराने. फरक पेमेंटवाल्यांच्या खिशातून. त्याच कोर्टाच्या २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ते बंद झालं. थोडक्यात, निंबोणीताई, मैत्रिणीची फी तुमच्या आईने भरली :)

निंबोणी:
अगं बाई! आजच फोन करते तिला. पार्टी हवी.

माणदेशी:
आम्ही साताऱ्याला, कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिकामधले. सकाळी शेतात खुरपं, मग लेक्चर. फीची चिंता नव्हती. भूक मात्र बेक्कार लागायची. ईबीसीच्या (आर्थिक मागासांच्या फी सवलतीच्या) फॉर्मला उत्पन्नाचा दाखला काढायला वडील तालुक्याला खेपा घालायचे, त्यात मजुरी बुडायची ती वेगळीच.

दोन_लेकींची_आई:
कुकर लावून लिहितेय. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश कॅपमधूनच हवा. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं यात नाहीत. मोठीला लागू झालं. पण आमच्या कॉलेजने डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, बसचे पैसे घेतलेच. शिवाय खोली आणि मेस. फी माफ झाली तरी शहर कुठे माफ होतंय?

ऱ्हाईनकाठचा:
जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे ऐकून बाबा खूश. मग कळलं, व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटला (दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्यात) दाखवायचे. श्टुटगार्टकडे तर आपल्यासारख्या बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो फीही आहे. शेवटी कर्जच.

खडूस_काका:
कर्ज घेणाऱ्या पोरांनो, शिकत असतानाही व्याज चढतं. जमेल तसं व्याज तेव्हाच भरा. जुन्या कररचनेत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट ८ वर्षं मिळते.

चहाबाज:
मला फीपेक्षा रविवारची रात्र आठवते. मेस बंद! दुपारच्या फीस्टला जास्तीच्या पुऱ्या खिशात.

माणदेशी:
आणि तेलाचा डाग सोमवारभर 😂

दोन_लेकींची_आई:
चहाबाज, पुण्यात होतात का? कोथरूडला मुलींसाठी बरी मेस माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धाकटी वांग्याला तोंड लावत नाही.