वलय आणि खंड: गांडुळाच्या संघाला नेमकं काय म्हणावं?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर)
मुलगी यंदा दहावीला आहे. विज्ञानाच्या पुस्तकात गांडूळ, जळू आणि समुद्रातला नेरीस यांच्या संघाला 'वलयांकित प्राणी' म्हटलंय आणि त्यांनाच 'खंडीभूत कृमी' असंही म्हटलंय. ती विचारते, वलय आणि खंड एकच का? एकच असतील तर पट्टकृमीसुद्धा (आतड्यात राहणारा फितीसारखा जंत) तुकड्या-तुकड्यांचाच दिसतो, मग तो या संघात का नाही? शिवाय अळी, जंत, किडा, कृमी हे शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. ते चालतं का?

उत्तर (धरमपेठ)
ताई, मुलीनं अगदी मर्मावर बोट ठेवलंय. वलय आणि खंड एक नाहीत. वलय म्हणजे कातडीवर बाहेरून दिसणारं कडं. खंड म्हणजे शरीराचा अख्खा भाग: त्यातले स्नायू, चेतारज्जूवरची (म्हणजे अंगभर लांब गेलेल्या मज्जातंतूंच्या दोरावरची) गाठ, उत्सर्जनाच्या बारीक नळ्या, देहगुहेतला (म्हणजे आतडं आणि कातडी यांच्यामधल्या पोकळीतला) त्याचा वाटा, हे सगळं धरून.

गांडुळात दोन्हींचा मेळ बसतो, म्हणून फरक ध्यानात येत नाही. बाहेर जिथे खाच, तिथे बहुतेक ठिकाणी आत पडदा असतो. कॉलेजात आपण जे गांडूळ शिकतो, फेरेटिमा पोस्थुमा, त्याचे असे साधारण १०० ते १२० खंड असतात. पडद्यांमुळे प्रत्येक खंडातलं पाणी त्याच खंडात कोंडलेलं राहतं. वर्तुळाकार स्नायू आवळले की तेवढेच खंड बारीक आणि लांब होतात, उभे स्नायू आवळले की आखूड आणि जाड. हाड नसताना काळ्या मातीत घुसायची ताकद येते ती इथून. मुलीला एक करायला सांगा. पावसाळ्यात अंगणात सापडलेलं गांडूळ जाडसर कागदावर ठेवून कान जवळ न्यायचा. खसखस ऐकू येते. खंडाखंडावर जे दृढरोम, म्हणजे बारीक ताठ केस असतात, ते कागदाला घासतात. बघून झालं की लगेच ओल्या मातीत सोडायचं, कारण ते कातडीनंच श्वास घेतं आणि कातडी वाळली की गुदमरतं.

आता जळू घ्या. इथे 'वलय' हा शब्द फसवतो. जळवेचे खंड ठरलेले, आपल्या पुस्तकांत ३३ दिलेले असतात. पण अंगावर वलयं त्याहून कितीतरी जास्त, शरीराच्या मधल्या भागात एकेका खंडावर पाच-पाच. म्हणजे वलयं मोजून खंड सांगता येत नाहीत. आतले पडदे जवळजवळ नाहीसे झालेले, दृढरोमही नाहीत. मधल्या भागात खंड ओळखायचा तो चेतारज्जूवरून, खंडाला एक गाठ.

पट्टकृमीचं वेगळं. त्याचे तुकडे डोक्यामागच्या मानेपाशी तयार होतात आणि जुने मागे ढकलले जातात, म्हणून सगळ्यात शेवटचा तुकडा सगळ्यात जुना, अंड्यांनी भरलेला. नेरीसमध्ये नेमकं उलटं: नवा खंड शेपटीच्या टोकाच्या जरासा अलीकडे येतो, म्हणजे मागचे खंड कोवळे. त्यात पट्टकृमीला देहगुहाच नाही. दिसायला दोन्ही तुकड्यांचे, पण घडण निराळी. म्हणून तो चपट्या कृमींत.

राहिले बोलीतले शब्द. पोटातले ते जंत. अळी म्हणजे कीटकाचं पिल्लू, तिचं पुढे फुलपाखरू, पतंग किंवा माशी होते. कपाशीतली गुलाबी बोंडअळी कृमी नव्हे, पतंगाची अळी आहे. 'कृमी' हा शब्द शास्त्रात चालतो तो निव्वळ लांबट, मऊ, बिनपायाचा प्राणी एवढ्याच अर्थानं. त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

प्रतिसाद (काटोल)
सर, आमच्या वावरात सोयाबीन निघालं का वाणी येते. पोट्टे तिले पैसा म्हंतेत, हात लावला का गोल गुंडाळते. तिच्या अंगावर त गांडुळापेक्षा साफ कडे दिसतेत. मंग तिले वलयी काऊन नाही म्हनायचं? गांडूळ दिसलं का आमी खूश होतो, वाणी दिसली का रोपं गेले समजा.

उत्तर (धरमपेठ)
भाऊ, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण वाणीनं ही चर्चा पुरी होते. वाणीला पाय आहेत आणि ते सांध्यांचे आहेत, म्हणून ती संधिपाद. अंगावर कडक कवच, गांडुळासारखी ओली कातडी नाही. आणि कड्यांचं म्हणाल तर तिचं बहुतेक प्रत्येक कडं म्हणजे दोन खंड जुळून झालेलं. म्हणून एका कड्याला पायांच्या दोन जोड्या. भिंग घेऊन बघा, मोजता येतात. जळवेत एका खंडावर पाच वलयं, वाणीत एका वलयात दोन खंड. गणित खंडांचंच करायचं, वलयांचं नाही.

प्रश्न (महाल)
'पर्याणिका' हा शब्द कुठून आला? गांडुळाच्या अंगावरच्या त्या जाड पट्ट्याला म्हणतात. आमच्या सरांनी फळ्यावर लिहिला आणि पुढे गेले.

उत्तर (धरमपेठ)
संस्कृतात पर्याण म्हणजे खोगीर. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावं तसा तो पट्टा दिसतो. फेरेटिमात तो १४ ते १६ या तीन खंडांवर असतो आणि वयात आलेल्या गांडुळातच स्पष्ट दिसतो. अंडी ठेवायचा कोष त्यातूनच पाझरतो. मला हा शब्द आवडतो, फक्त शिकवताना आधी 'खोगीर' म्हणावं आणि मग 'पर्याणिका' लिहावं. हा पट्टा तीन खंडांवर पसरलेला असला तरी त्यावर खाचा जवळपास दिसत नाहीत. म्हणजे बाहेरून वलयं पुसट, आत खंड मात्र तीनच.

प्रश्न (मनीषनगर)
सर, मग मुलीनं तक्त्यावर काय लिहावं?

उत्तर (धरमपेठ)
शीर्षकात पुस्तकातलंच 'वलयांकित प्राणी संघ' राहू द्या, परीक्षेत तेच लागेल. गांडुळाच्या आकृतीत बाणाखाली 'खंड' लिहायचं. जळवेच्या आकृतीत दोन्ही शब्द लागतील: मधल्या भागात पाच वलयांभोवती एक कंस काढायचा, आणि कंसाबाहेर लिहायचं, 'एक खंड'.