विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकेल असे खुराडे कसे बांधावे? मदत हवी आहे

नमस्कार. अकोला जिल्ह्यातील आमच्या शेतात 25 गावरान कोंबड्या असून, मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की पत्र्याखालचे खुराडे भट्टीसारखे तापते. कोंबडीला घाम येत नाही. दुपारभर त्या चोची उघड्या ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतात, ते पाहवत नाही. मागच्या उन्हाळ्यात तीन दगावल्या. नवे खुराडे पूर्व-पश्चिम लांबीचे, म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरणार नाही असे, दोन्हीकडे जाळी ठेवून बांधायचे ठरवले आहे. छपराचा मात्र निर्णय होत नाही: पत्र्यावर चुना मारून तुराट्यांचा थर द्यावा, की कवेलूच घालावेत? तुराट्यांत साप-उंदीर शिरण्याची भीती वाटते. जाळीवर ओले बारदान लावल्यास वारा अडतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.