एक्सप्लोरर-१ चा काउंटर वर गेल्यावर शून्य का दाखवायचा?

आकाशवेडा:
अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१, त्याच्याबद्दल वाचतोय आणि एका जागी अडकलोय. ३१ जानेवारी १९५८ ला सोडला, वजन जेमतेम १४ किलो, आत शास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन यांच्या टीमचा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्साराचे कण मोजणारं यंत्र. खालच्या उंचीवर सेकंदाला ३० च्या आसपास मोजायचा, ते ठीक, वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) तेवढेच अपेक्षित होते. पण २००० किमीच्या वर गेला की कधीकधी चक्क शून्य. वर तर किरणोत्साराचे पट्टे आहेत ना, मग आकडा वाढायला नको का? शून्य कसा काय?

गामा७:
गायगर काउंटरच्या नळीत वायू असतो, कण आत शिरला की विजेचा एक झटका बसतो आणि तो मोजला जातो, पण त्यानंतर नळीला सावरायला थोडा वेळ लागतो, सेकंदाचा अगदी बारीकसा भाग. त्या वेळात दुसरा कण आला तर झटका दुबळा निघतो. आता कणांचा नुसता मारा होतोय असं समज, नळीला सावरायला उसंतच नाही, सगळे झटके इतके दुबळे की सर्किट त्यांना मोजतच नाही. म्हणून शून्य.

जुनी_फीत:
बरोबर, पण हे तेव्हा लगेच कळलं नव्हतं. एक्सप्लोरर-१ वर टेप रेकॉर्डर नव्हता, ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात असेल तेवढ्याच वेळेचे तुकडे मिळायचे. एक्सप्लोरर-२ मार्चमध्ये कक्षेतच पोचला नाही. २६ मार्चला एक्सप्लोरर-३ गेला, त्यावर जॉर्ज लुडविग यांनी बनवलेला छोटासा रेकॉर्डर होता, पूर्ण फेरीची नोंद साठवायचा आणि खालून हुकूम गेला की काही सेकंदांत ओतून द्यायचा. व्हॅन ॲलननी तो डेटा वॉशिंग्टनच्या हॉटेलात रात्री बसून आलेख कागदावर हाताने काढला. आकडा चढत चढत वरच्या मर्यादेला टेकतो, मग एकदम शून्य, बराच वेळ शून्य, आणि परत त्याच मर्यादेवरून खाली उतरतो. बिघडलेलं यंत्र असं शिस्तीत शून्यावर जाऊन परत येत नाही! तिकडे आयोवा विद्यापीठात व्हॅन ॲलन यांच्याच टीममधल्या कार्ल मॅकइल्वेन यांनी तसलाच काउंटर एक्स-रे मशीनपुढे धरला, मारा वाढवला तर तोही शून्यावर गेला. मला तर हा प्रयोग उपग्रहाइतकाच मोठा वाटतो. १ मे १९५८ ला त्यांनी जाहीर केलं, वर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले कण आहेत, तेच तू म्हणतोस ते पट्टे.

आकाशवेडा:
वा, आता डोक्यात शिरलं. पण मग खरा आकडा किती ते कसं मोजलं, नळी तर गुदमरतेय?

गामा७:
२६ जुलैला एक्सप्लोरर-४ गेला ना, त्यात एका नळीला शिशाचं कवच घातलं होतं, म्हणजे हलके कण बाहेरच अडतील, आणि नळ्यांच्या जोडीला कण आदळला की चमकणाऱ्या पदार्थाचे डिटेक्टर. यावेळी मारा जोरदार असणार हे धरूनच सगळी तयारी केली होती.