मे महिन्यात श्रीलंका : जावं की दिवाळीपर्यंत थांबावं?

कळंब्याची_ताई
नमस्कार मंडळी. पोरांना सुट्टी पडली की मेमध्ये श्रीलंकेला जायचं चाललंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात पण हौस दांडगी, त्यांना त्रिंकोमालीचं शंकराचं देऊळ बघायचंय. एका टूरवाल्यानं मेच्या शेवटच्या आठवड्याचं पॅकेज दिलंय, कोलंबो-बेंटोटा-गॉल-मिरिसा, सगळं किनाऱ्यावरचं, डिसेंबरच्या मानानं लईच स्वस्त. विचारलं तर म्हणतो ऑफ सीझन आहे, जरा पाऊस असतो, बाकी काय नाही. नेटवर एक जण म्हणतोय डिसेंबर ते मार्च बेस्ट, दुसरा म्हणतोय मे ते सप्टेंबर बेस्ट. नक्की कुणाचं धरायचं? का सरळ दिवाळीत जावं?

शाहूपुरीकर
ताई डिसेंबर-जानेवारी बघा. आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलेलो, गॉलच्या किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी फिरायला लई भारी वाटतं, समुद्र पण शांत. रेट चढे असतात तेवढं खरं.

रंकाळा_कट्टा
ताई, नेटवरचं दोन्ही खरं आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या किनाऱ्याबद्दल बोलतायत. श्रीलंकेला दोन मान्सून आहेत. आपल्याकडं येतो तोच नैऋत्य मान्सून तिथं मे ते सप्टेंबर असतो आणि तो झोडपतो कोलंबो, बेंटोटा, गॉल, मिरिसा ही पश्चिम-दक्षिण बाजू आणि डोंगराची पश्चिम उतरण. मध्ये जो डोंगराळ भाग आहे (सगळ्यात उंच शिखर २५२४ मीटर) तो ढग अडवतो म्हणून पलीकडं त्रिंकोमालीला त्याच दिवसात कडक ऊन आणि कोरडी हवा. गगनबावड्यात धो धो चालू असताना शिरोळला माणसं आभाळाकडं बघत बसलेली असतात, अगदी तसंच. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून, तेव्हा सगळं उलटं, पूर्वेला पाऊस आणि गॉल-मिरिसा मोकळं. त्यामुळं शाहूपुरीकर म्हणतात ते बरोबर, पण तुमच्या सासऱ्यांचं देऊळ पूर्वेला आहे, नाताळात गेला तर नेमकं तिथंच पाऊस गाठायची शक्यता जास्त.

एवढ्याशा बेटावर किती फरक बघा, डोंगराच्या पश्चिम उतरणीवर काही ठिकाणी वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि कोरड्या टोकाला ९०० मिमीपेक्षा कमी. त्यामुळं अख्ख्या देशाचा मिळून एक चांगला महिना असं काय नसतंय, आधी जागा ठरवायची मग महिना.

तुमचं ते पॅकेज मात्र घेऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्यातच साधारण मान्सून तिथं पोचतो. पाऊस पडला तर रूममध्ये बसता येईल हो, पण समुद्र खवळलेला असतो, पोरांना पाण्यात उतरता येत नाही आणि मिरिसाचे देवमासे बघायचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल असतो. किनाऱ्यासाठी जाऊन किनाराच बघायला मिळणार नसंल तर स्वस्त कसलं ते? टूरवाल्यानं हे आपणहून सांगायला पाहिजे होतं, घरात म्हातारी माणसं आणि पोरं आहेत हे कळल्यावर तरी.

दिवाळीचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सगळ्यात बेभरवशाचा वाटतो. दोन मान्सूनच्या मधला काळ, दुपारनंतर वळवासारखा गडगडाट दोन्ही बाजूला, वर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस सलग पाऊस. एखाद्याला कोरडं मिळतं पण पोरं-म्हातारी घेऊन मी तरी जाणार नाही.

तेव्हा मेमध्येच जा, पण पूर्वेला. विमानतळावरून सिगिरिया-दांबुल्ला, तिथं दोन मुक्काम, मग त्रिंकोमाली. कोलंबोपासून त्रिंकोमाली साधारण २६० किमी आहे, म्हाताऱ्या माणसांना एका दमात नेऊ नका. त्रिंकोजवळ निलावेली, उप्पुवेली हे किनारे मेमध्ये शांत असतात आणि पाणी उथळ, पोरं बाहेर यायची नाहीत.

पन्हाळा_वारा
रंकाळा_कट्टा यांच्याशी सहमत. फक्त ऊन लक्षात घ्या, मेमध्ये त्रिंकोला आपल्या एप्रिलसारखं तापतं आणि दमटपणा वेगळा. कोणेश्वरम्, म्हणजे सासऱ्यांचं ते शंकराचं देऊळ, समुद्राच्या कड्यावर आहे, जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आत्ताचं नंतरचं. फ्रेडरिक किल्ल्यातून चढ आहे, पण तिथली रिक्षा करून जा म्हणजे सासऱ्यांचे गुडघे वाचतील. अनवाणी जायचं असतं आणि दुपारी फरशी चटके देते, सकाळीच उरका. किल्ल्यात ठिपक्यांची हरणं मोकळी फिरतात, अगदी रस्त्यावर येऊन उभी राहतात, पोरं खूश होतील.

सिगिरियाच्या खडकावर चढायला हजाराच्या वर पायऱ्या आहेत, तिथं सासू-सासऱ्यांना खाली बागेत सावलीला बसवा आणि तुम्ही पोरं घेऊन गेट उघडल्या उघडल्या चढा, नऊनंतर खडक तापतो. अजून एक, तिथं दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूविक्री बंद. मेची पौर्णिमा म्हणजे वेसाक, बुद्धपौर्णिमा, तेव्हा मटणाची दुकानं पण बंद असतात, पण रस्त्यारस्त्यावर कागदी आकाशकंदील आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण घालणारे मंडप. तारीख जुळली तर ती संध्याकाळ चुकवू नका, फक्त हॉटेलं आणि गाडी आधी पक्की करा, सगळा देश त्या दिवशी रस्त्यावर असतो.

कळंब्याची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते तर आत्ताच बॅग भरायला निघालेत. एकच विचारते, चहाचे मळे बघायचे होते, डोंगरातलं नुवारा एलिया जोडता येईल का?

रंकाळा_कट्टा
मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर जोडा, गारवा असतो, दुपारी सर आली तरी सकाळ बहुतेक मोकळी मिळते. शेवटच्या आठवड्यात असाल तर सोडा, धुक्यात मळे दिसायचेच नाहीत. आणि १३-१४ एप्रिलच्या आसपास चुकूनही तिकडं बुकिंग नको, त्यांचं नवीन वर्ष असतं, निम्मा कोलंबो नुवारा एलियाला येतो, रूम मिळत नाही आणि मिळाली तर रेट भलताच. त्या टूरवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर आजच नाही म्हणून कळवा.